साउंड कार्डची तक्रार आली की बायोसमध्ये नेमकं काय बघायचं

हार्डवेअरच्या कामात नवीन आलेली बहुतेक मुलं आवाजाची तक्रार आली की लगेच ड्रायव्हर काढतात, परत टाकतात, नाही जमलं तर दुसरी आवृत्ती शोधतात. यात दुपार जाते. मी आधी मशीन चालू करून नुसतं ऐकतो. कार्ड यादीत दिसतच नाही, दिसतं पण मुकं आहे, की वाजतं पण चरचरतं? तिन्ही दुखणी वेगळी आणि बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डाच्या मूळ प्रोग्राममधली, त्यांची ठिकाणंही वेगळी. बायोसमध्ये शिरल्यावर काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. दोन बदललीत आणि आवाज आला, तर कशामुळे आला हे सांगता येणार नाही आणि पुढचं मशीन पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल.

आयएसए, म्हणजे पीसीच्या जुन्या पद्धतीच्या स्लॉटात बसणारी कार्डं आता फारशी भेटत नाहीत, पण जुन्या औद्योगिक मशीनवर किंवा हौशी लोकांच्या जुन्या पीसीत अजून असतात, आणि शिकायला त्यांच्यासारखी दुसरी शाळा नाही. साउंड ब्लास्टर १६ या कार्डाची नेहमीची मांडणी म्हणजे पत्ता २२०, आयआरक्यू (प्रोसेसरला हाक, म्हणजे इंटरप्ट, द्यायच्या तारेचा नंबर) ५, डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता मेमरीतून डेटा उचलायची वाट) १ आणि सोळा बिटांसाठी डीएमए ५. आयआरक्यू चुकला तर आवाजाचा एक छोटा तुकडा अडकलेल्या रेकॉर्डसारखा तोच तोच वाजत राहतो. डीएमए मेमरीतून आवाज उचलत असतो, पण ‘तुकडा संपला, पुढचा दे’ हा कार्डाचा निरोप प्रोसेसरपर्यंत पोचत नाही. हे एकदा कानावर आलं की ड्रायव्हरकडे बघायची गरज उरत नाही. अशा वेळी बायोसच्या ‘पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन’ पानावर आयआरक्यू ५ ‘लेगसी आयएसए’साठी राखून ठेवा, नाहीतर बायोस तो एखाद्या पीसीआय (आयएसएनंतरच्या स्लॉटच्या) कार्डाला देऊन मोकळा होतो. हे जंपरवाल्या, म्हणजे ज्यांचे आकडे कार्डावरच्या पिनांनी ठरतात अशा कार्डांपुरतं. मग ‘रिसेट कॉन्फिगरेशन डेटा’ एकदा चालू करून सेव्ह करा. बायोसने साठवलेली जुनी वाटणी त्याने पुसली जाते आणि ते सेटिंग बहुतेक बोर्डांवर पुढच्या बूटला आपोआप बंद होतं.

पीसीआय आलं आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. दोन उपकरणांना एकच आयआरक्यू दिसला की नवा माणूस बायोसमध्ये जाऊन ११चा १० करतो, आणि परत बघतो तर दोन्ही १०वर! कारण आकडा कार्डाला मिळत नाही, तारेला मिळतो. प्रत्येक स्लॉटच्या ए, बी, सी, डी अशा चार इंटरप्ट पिना मदरबोर्डवर फिरवून फिरवून चिपसेटच्या (मदरबोर्डावरच्या मुख्य चिपांच्या) मोजक्या तारांना जोडलेल्या असतात. त्याच तारांवर एजीपी (ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट), यूएसबी, ऑनबोर्ड लॅन हेही बसलेले असतात. बायोस फक्त त्या तारेचा नंबर ठरवतो. तारच एक असेल तर नंबर बदलून दोघं वेगळे होणार कसे? कार्ड उचलून दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकणं हाच उपाय. कुठला स्लॉट कोणाबरोबर तार वाटून घेतो त्याचा तक्ता बऱ्याच मदरबोर्डांच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो वाचायची सवय लावा. त्या काळातल्या अनेक बोर्डांवर एजीपीच्या लगतचा पहिला पीसीआय स्लॉट ग्राफिक्स कार्डाबरोबर तार वाटून घेई, त्यामुळे साउंड कार्ड मी तिथे कधी लावत नसे. एका मशीनवर यूएसबीमध्ये काही खुपसलं की गाणं अडखळायचं. कार्ड एक स्लॉट खाली सरकवलं आणि काम झालं, बायोस उघडावाच लागला नाही.

तरीही आयआरक्यू सामायिक दिसला म्हणून लगेच धास्तावू नका. पीसीआयमध्ये ते नियमाला धरूनच आहे. अडचण येते ती दुसऱ्याचा इंटरप्ट आपला समजणाऱ्या किंवा उत्तर द्यायला वेळ लावणाऱ्या ड्रायव्हरमुळे. आणि विंडोज २००० किंवा एक्सपी एसीपीआयवर (उपकरणांची आणि विजेची व्यवस्था विंडोजकडे सोपवणाऱ्या पद्धतीवर) चालत असेल तर वाटणी विंडोजच करते. सगळी उपकरणं एकाच नंबरवर दिसतात आणि बायोसमधली तुमची मेहनत तिथे दिसतच नाही. बोर्डावर एपीआयसी (जास्त नंबर देणारा इंटरप्ट कंट्रोलर) चालू असेल तर नंबर १५च्या पुढे जातात आणि जागा बरीच मोकळी होते. मात्र विंडोज टाकून झाल्यावर ते सेटिंग बदलू नका, मशीन बूट व्हायचं थांबू शकतं.

ऑनबोर्ड ऑडिओ आणि वेगळं कार्ड यांचं भांडण त्यामानाने सोपं. ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’मध्ये एसी९७ किंवा एचडी ऑडिओ (ऑनबोर्ड ऑडिओची तिथली नावं) सरळ ‘डिसेबल्ड’ करा, ‘ऑटो’वर विसंबू नका. एसी९७च्या काळातल्या बोर्डांवर एक मेख असते. ऑडिओ बंद केला तरी गेम पोर्ट (जॉयस्टिकचा) पत्ता २०१वर आणि मिडी पोर्ट (वाद्यांचा) पत्ता ३३०वर चालूच राहतात, कारण त्यांची सेटिंगं वेगळी असतात. कार्डाचा स्वतःचा गेम पोर्ट तिथेच येऊन धडकतो. तेही बंद करा.

चरचर येत असेल तर ‘पीसीआय लेटन्सी टायमर’ बघा. एका उपकरणाने बस (कार्डांची डेटा न्यायची सामायिक वाट) किती वेळ धरून ठेवायची ते तो ठरवतो. सहसा बसचे ३२ ठोके (क्लॉक) असतो, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झच्या बसवर साधारण एक मायक्रोसेकंद. ६४ करून ऐका. फरक पडला नाही तर परत ३२वर आणा. २००१च्या सुमारास व्हीआयएचा ६८६बी साउथब्रिज (चिपसेटचा एक भाग) आणि साउंड ब्लास्टर लाइव्ह या जोडीवर चरचरच नव्हे, तर मोठ्या फायली कॉपी करताना डेटा खराब होण्याच्या तक्रारी होत्या. त्यावर बायोस अपडेट आणि चिपसेटचे ड्रायव्हर आले. म्हणून चिपसेटचा ड्रायव्हर साउंडच्या आधी टाकायचा, हा क्रम मी आजही मोडत नाही.

आताच्या बोर्डांवर हे बरंचसं मागे पडलंय. इंटेलने २०११च्या पी६७, एच६७ या चिपसेटमधून पीसीआय काढलं. तशा बोर्डांवर पीसीआय स्लॉट असला तरी तो वेगळ्या ब्रिज चिपमागे असतो आणि जुनी कार्डं तिथे नखरे करतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयआरक्यू उणे आकड्यात दिसला तर दचकू नका, ते उपकरण तारेऐवजी मेसेज पाठवून इंटरप्ट देतंय, म्हणजे तार वाटून घेण्याचा प्रश्नच नाही. आता चरचर आली तर बायोसमधलं एएसपीएम (कार्डाच्या लिंकची वीजबचत) आणि प्रोसेसरची सी-स्टेट्स (झोपेच्या पातळ्या) एकेक करून बंद करून बघा, कारण वीज वाचवायला झोपलेली लिंक जागी व्हायला वेळ घेते. त्यानेही थांबलं नाही तर कुठला ड्रायव्हर वेळ खातो ते दाखवणारा लेटन्सीमॉन हा प्रोग्राम लावा. त्यात वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर वर आला, तर बायोसमधून बाहेर पडा आणि तो ड्रायव्हर बदला.