आयडलिंगला इंजिन थरथरते? व्हॅक्यूम गळती अशी शोधावी

पेट्रोल गाडी उभी असताना इंजिन थरथरत असेल आणि रेस देताच ते सुरळीत चालत असेल, तर प्लग बदलण्याआधी व्हॅक्यूम गळतीचा, म्हणजे इंजिनात नको तेथून हवा शिरत असल्याचा, संशय घ्यावा. आयडलिंगला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असल्याने इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मार्गातील) व्हॅक्यूम जास्त असतो. तेव्हा आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरला चुकवून चिरलेल्या नळीतून शिरलेली हवा एकूण हवेच्या मानाने बरीच ठरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते. रेस दिल्यावर तीच गळती नगण्य होते.

ही खूण आधी गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर पडताळावी. इंजिन गरम झाल्यावर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिमची (संगणकाने पेट्रोलच्या प्रमाणात केलेल्या तात्कालिक व दीर्घकालीन दुरुस्तीची) बेरीज आयडलिंगला +१० टक्क्यांच्या वर असून २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर गळतीची शक्यता दाट आहे. आरपीएमबरोबर बेरीज वाढतच गेली, तर दोष बहुधा पेट्रोलच्या पुरवठ्यात असतो. एअरफ्लो सेन्सरऐवजी मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा) असलेल्या गाड्यांत ट्रिमची खूण पुसट असते. तेथे अनेकदा आयडलिंगच वाढलेले आढळते.

नंतर इंजिन बंद व थंड असताना प्रत्येक रबरी नळी वाकवून पाहावी, कारण भेग बहुधा वळणाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला असते. मग इंजिन चालू करून, पंखा व पट्ट्यांपासून हात दूर ठेवून, एकेक नळी कापड गुंडाळलेल्या पक्कडीने क्षणभर दाबावी. पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) नळी दाबताच थरथर थांबली, तर तो व्हॉल्व्ह उघडाच अडकला असावा. पीसीव्हीची (इंजिनाच्या तळातील वायू पुन्हा इनटेकमध्ये नेणारी) नळी दाबल्यावर मात्र निरोगी इंजिनातही थोडा फरक पडतो, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. ब्रेक दाबताना फुसफुस ऐकू येऊन आयडलिंग बदलले, तर व्हॅक्यूमच्या बळावर ब्रेक हलका करणारा बूस्टर तपासावा.

इनटेकच्या जोडावरील गॅस्केटवर कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत प्रचलित असली, तरी तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वालाग्राही द्रव फवारणे मला पटत नाही. विजेची जोडणी टाळून पाण्याचा बारीक फवारा मारला, तरी भेग क्षणभर बुजून इंजिनाचा आवाज बदलतो. एवढ्यानेही ठाव लागला नाही, तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कोठून बाहेर येतो ते पाहणे) करून घ्यावी.

दुरुस्तीनंतर लाँग टर्म ट्रिम लगेच खाली येत नाही. गाडी काही दिवस चालवून तो पुन्हा वाचावा.