बुटात खडे जाऊ नयेत म्हणून जुना मोजा

किलिमांजारोच्या शिखरावरून (५,८९५ मीटर) बराफू तळाकडे उतरताना भुसभुशीत राख नि बारीक खडे बुटात शिरतात, टाचेला फोड येतात. (बराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फच!) विकतचे गेटर (बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण) महाग. जुना मोजा पुरतो.

१. जाड, लांब मोज्याचा पंजा घोट्यापाशी कापा. कड दुमडून शिवा, नाहीतर उसवते.
२. बूट घालण्याआधी ही नळी पोटरीवर चढवा. लेस बांधून झाली की खाली ओढून बुटाचं तोंड गाठीसकट झाका.
३. पुढची कड सेफ्टी पिनेने लेसमध्ये अडकवा. पिन नसेल तर चार पावलांत मोजा वर सरकतो.

चाचणी आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावरच घ्या. पाण्यालगतच्या कडक वाळूत नको, सुरूच्या झाडांकडच्या कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत. पाठीवर भरलेली सॅक घेऊन तासभर चाला, मग घरी बूट वर्तमानपत्रावर झटका. चिमूटभर वाळू निघाली तर ठीक. मूठभर निघाली तर मोजा सैल आहे, दुसरा कापा.

बर्फात किंवा पावसात मात्र हा मोजा भिजून पाय गारठवतो, तिथे खरे गेटरच हवेत.