स्टारफिल्ड नव्याने सुरू करताय? या चुका टाळा

बेथेस्डा कंपनीचा स्टारफिल्ड हा अंतराळात भटकायचा रोल-प्लेइंग खेळ 6 सप्टेंबर 2023 रोजी पीसी आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसवर आला, तेव्हा लोक त्यावर अक्षरशः तुटून पडले. महिना संपायच्या आत कंपनीने 1 कोटी खेळाडूंचा आकडा जाहीर केला. एकट्या स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांची संख्या 3 लाख 30 हजारांपर्यंत गेली. मग हळूहळू सूर बदलला. 'रिकामे ग्रह', 'लोडिंग स्क्रीनच जास्त', 'तीच ती प्रयोगशाळा परत' अशी कुरकुर सुरू झाली आणि स्टीमवरचा एकूण शेरा 'संमिश्र'वर घसरला. त्यातही गंमत अशी, की 2023च्या स्टीम पुरस्कारांत खेळाडूंच्या मतदानातून 'सर्वांत नावीन्यपूर्ण गेमप्ले'चा मान याच खेळाला मिळाला. मतं कौतुकाने पडली की खवचटपणे, यावर अजून वाद होतात.

अर्धवट सोडून गेलेल्यांचं म्हणणं नीट ऐकलं, तर बरीचशी नाराजी एकाच सवयीतून आलेली दिसते. त्यांनी स्टारफिल्ड स्कायरिमसारखा, म्हणजे बेथेस्डाच्याच जुन्या खेळासारखा, खेळला. स्कायरिममध्ये समोर दिसेल त्या डोंगराकडे चालत सुटायचं, वाटेत काही ना काही घडतंच. इथे तसं चालत सुटलात तर वाटेत दगड लागतात. तक्रारी खोट्या नाहीत, पण त्यातल्या निम्म्या तरी टाळता येतात.

आधी मशीन बघा

पहिली चूक खेळ सुरू व्हायच्या आधीच होते. जागा 125 जीबी लागते, आणि ती एसएसडीवरच हवी. कंपनीने किमान गरजांच्या यादीतच एसएसडी लिहिली आहे, तरी 'जुन्या हार्ड डिस्कवर टाकून बघू' म्हणणारे निघतातच. मग पात्रांचे ओठ हलून झाल्यावर आवाज येतो, चालता चालता चित्र अडकतं, आणि शिव्या ग्राफिक्स कार्डला बसतात. कार्डाचा काही दोष नसतो. किमान गरजेत एनव्हीडियाचं 1070 टीआय किंवा एएमडीचं आरएक्स 5700 आणि 16 जीबी रॅम आहे. एनव्हीडियाच्या 1650 कार्डवाल्या लॅपटॉपवर चालवून 'खेळच भिकार आहे' म्हणण्यात अर्थ नाही. शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर डाउनलोडला तीनेक तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपलेलं बरं.

सेटिंगमध्ये सगळं 'अल्ट्रा'वर ओढू नका. सावल्या आणि धुक्यातून येणारा उजेड कार्डाला सगळ्यात जड जातात. ते दोन्ही मध्यमवर आणा, चित्रात फारसा फरक कळत नाही. न्यू अटलांटिससारख्या शहरातच खेळ मंदावत असेल तर ताण बहुधा प्रोसेसरवर आहे. तिथे गर्दीचं प्रमाण कमी करा. लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारं तंत्र म्हणून सुरुवातीला फक्त एएमडीचं एफएसआर होतं, त्यामुळे एनव्हीडियावाल्यांना मॉड (चाहत्यांनी बनवलेले बदल) शोधत फिरावं लागलं. नोव्हेंबर 2023च्या पॅचपासून एनव्हीडियाचं तसंच तंत्र, डीएलएसएस, खेळातच आहे. तेव्हा त्या काळातले 'हे मॉड टाका' सांगणारे व्हिडिओ आता खुशाल विसरा. काळा रंग राखाडी दिसतो ही तक्रारही तेव्हाचीच. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टच्या पट्ट्या नंतर आल्या आहेत.

गेम पास (मायक्रोसॉफ्टची खेळांची वर्गणी) आणि स्टीमचा घोळही आधीच समजून घ्या. पीसीवरच्या एक्सबॉक्स ॲपमध्ये खेळलेला सेव्ह एक्सबॉक्सवर जातो, स्टीमवर जात नाही. गेम पासवर चव घेऊन पुढे स्टीमवर विकत घ्यायचा बेत असेल, तर पाटी कोरी होणार हे धरून चाला.

जहाजापर्यंत पायपीट

नवे खेळाडू काम आटोपल्यावर मैलभर चालत जहाजाकडे परततात, खुर्चीत बसतात, उड्डाण करतात, कक्षेत पोचतात, नकाशा उघडतात, ग्रह निवडतात, मग उतरतात. दर टप्प्याला एक लोडिंग स्क्रीन. यातले बहुतेक टप्पे गाळता येतात. एकदा जाऊन आलेल्या ठिकाणी ग्रहाच्या पृष्ठभागावरून, जहाजात न चढता, थेट दुसऱ्या ग्रहावर उतरता येतं. हातातला स्कॅनर उघडून क्वेस्टच्या खुणेकडे रोखला की प्रवासाचा पर्याय तिथेच दिसतो, नकाशाच्या चार पातळ्या उघडत बसावं लागत नाही. अंतराळातही तसंच. स्कॅनर चालू करून समोरचा ग्रह टिपा आणि निघा.

इंधनाची चिंता करून हेलियम-3 साठवणारेही भेटतात. टाकीचा आकार एवढंच ठरवतो की एका उडीत किती लांब जाल. उडीनंतर टाकी आपोआप भरते.

आता ग्रहांबद्दल. हजाराहून जास्त ग्रह आहेत, आणि त्यातल्या साधारण 10 टक्क्यांवरच जीवसृष्टी असेल हे खेळाचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी खेळ यायच्या आधीच सांगितलं होतं. बाकीचे मुद्दाम ओसाड ठेवलेत. पुढे स्टुडिओने बचावात चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांचा दाखला दिला: तिथे काही नव्हतं, तरी ते कंटाळले नाहीत. बरोबर आहे, पण त्यांना त्या कामाचा पगार मिळत होता. तुम्ही पैसे मोजून खेळताय. ओसाड ग्रहावर उतरायचं असेल तर एखादं खनिज हवं असेल तेव्हा किंवा सूर्योदयाचे फोटो काढायला उतरा. तेवढ्यासाठी ते खरंच सुंदर आहेत. ऑगस्ट 2024 पासून रेव्ह-8 नावाची चारचाकी मिळते, त्यामुळे पायपीटही पुष्कळ कमी झाली. मे 2024च्या पॅचमध्ये शहरांचे खरे नकाशे आले. त्याआधी न्यू अटलांटिसमध्ये दुकान शोधणं म्हणजे शिक्षाच होती.

दिसेल ते उचलणं

या खेळात पेन, कप, वही, नोटपॅड, सँडविच, सगळं उचलता येतं. उचलता येतं म्हणून उचलायचं नसतं. श्रीखंडाचे रिकामे डबे 'लागतील कधीतरी' म्हणून माळ्यावर रचणारं घर जसं भरत जातं, तशी इन्व्हेंटरी भरते. वजनाची मर्यादा ओलांडली की दोन पावलं पळालात तरी ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड चढायला लागतो.

कप आणि वह्या जमिनीवरच राहू द्या. बंदुकांतल्या वजनाला हलक्या आणि किमतीला भारी तेवढ्या घ्या. खनिजांचं वेड लागतं ते 'कशाला तरी लागेल' या भीतीने. त्यावर सोपा उपाय आहे. वर्कबेंचवर किंवा संशोधन केंद्रावर हवा तो प्रकल्प 'ट्रॅक' करा. त्याला लागणाऱ्या वस्तूंपुढे दुकानात आणि लुटीत खूण दिसते. खूण नसलेलं सोडून द्या. अंगावर ओझं झालं तर जहाज जवळ असताना इन्व्हेंटरीतूनच माल थेट कार्गोत ढकलता येतो. कार्गोही भरला तर न्यू अटलांटिसच्या लॉजमधली तुमच्या खोलीतली तिजोरी आणि तळघरातली पेटी वापरा, त्यांना वजनाची मर्यादाच नाही. सुरुवातीचे काही तास खेळून झालेल्या अनेकांना याचा पत्ताच नसतो.

दुसरी बाजू विकण्याची. ट्रेड अथॉरिटी या दुकानसाखळीच्या किऑस्कजवळ 5,000 क्रेडिट असतात, ते दोन-तीन बंदुकांत संपतात. मग लोक शहरोशहरी फिरतात. त्यापेक्षा जवळ बाक किंवा पलंग बघा आणि विश्वप्रमाण वेळेचे 48 तास जाऊ द्या, दुकानदाराकडे पैसे परत येतात. शुक्राचा दिवस इतका मोठा आहे की तिथला एक तास म्हणजे बाहेरचे 100 तास. शुक्रावर तासभर झोपून उठलात की सगळी दुकानं भरलेली. फसवणूक वाटली तर मे 2024 पासून सेटिंगमध्ये दुकानदारांचे क्रेडिट आणि तुमची वजनमर्यादा थेट वाढवता येते. त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. माल ने-आण करण्यात कौशल्य काहीच नाही, फक्त वेळ जातो.

स्किल पॉइंट उधळणं

दर लेव्हलला एकच पॉइंट मिळतो आणि स्किल 82 आहेत, त्यामुळे चुकीची किंमत मोठी. बूस्ट पॅक ट्रेनिंग घेतल्याशिवाय पाठीवरचा उडायचा पॅक नुसता शोभेला असतो, हे पाहून अनेकांना बटण बिघडल्यासारखं वाटतं. तो पहिला पॉइंट तिथे. नंतर सिक्युरिटी, म्हणजे कुलपं उघडतील. मग ज्या प्रकारची बंदूक खरोखर वापरता ते. लक्षात ठेवण्यासारखं एवढंच की स्किलची पुढची पायरी आव्हान पूर्ण केल्यावरच खुलते, आणि आव्हानाची मोजणी पहिला पॉइंट टाकल्यानंतर सुरू होते. तेव्हा जे रोज करता त्याला लवकर पॉइंट द्या.

पायलटिंगचं उदाहरण घ्या. क्लास बी जहाज चालवायला तिसरी पायरी लागते, क्लास सीला चौथी, आणि त्यासाठी शत्रूची जहाजं पाडावी लागतात. नव्या खेळाडूला खुल्या अंतराळात ते जिवावर येतं. न्यू अटलांटिसमधल्या मास्ट इमारतीत व्हॅनगार्ड या स्वयंसेवी अंतराळ दलात भरती होताना सिम्युलेटर मिळतो, तिथे पाडलेली जहाजंही मोजली जातात. पॉइंट टाकून मग त्या खुर्चीत बसा, उलट केलंत तर मेहनत वाया.

जहाजाच्या लढाईत एकच चूक सगळे करतात: पूर्ण वेगाने धावत वळायचा प्रयत्न. वेगाच्या पट्टीचा मधला पांढरा भाग असतो, तिथे वेग ठेवला की जहाज सगळ्यात चपळ वळतं. लढताना ग्रॅव्ह ड्राइव्हची (ताऱ्यांमधली उडी मारणाऱ्या यंत्राची) पॉवर काढून ढाल आणि शस्त्रांना द्या. पळून जायचं ठरलं तरच ती परत द्या.

बेकायदा माल सापडला की घाईने न्यू अटलांटिसला जाऊ नका. कक्षेत शिरताच तपासणी होते. वुल्फ तारामंडळातल्या द डेन या स्थानकात तपासणी नाही आणि ट्रेड अथॉरिटीचं दुकान आहे, तिथे विका.

मँटिसची गुहा सोडू नका

जहाजावर पैसे उधळण्याआधी स्पेसर लुटारूंच्या खिशात 'सीक्रेट आउटपोस्ट' अशी चिठ्ठी मिळते का ते बघा. मिळाली की डेनेबोला आय-बी या उपग्रहावर जा. शत्रू तगडे आहेत, पण शेवटी रेझरलीफ नावाचं क्लास ए जहाज आणि एक भारी सूट फुकट मिळतो. त्या जहाजात तपासणीपासून माल लपवायची जागासुद्धा आहे. आत एक लांब बोळ लागतो, जमिनीवर अक्षरांच्या फरश्या, दोन्ही बाजूंना तोफा. इथे लोक धावत सुटतात आणि चाळणी होतात. स्वतः सोडवायची हौस असेल तर पुढचं वाक्य सोडा. बोळाआधी सापडणाऱ्या नोंदींमध्ये 'सिक सेम्पर टिरानिस' ही लॅटिन उक्ती येते. टी, वाय, आर, ए, एन, एन, आय, एस याच क्रमाने त्या फरशांवर पाय ठेवत चाला, एकही गोळी सुटणार नाही.

लुटलेलं जहाज विकून श्रीमंत व्हायचं स्वप्न मात्र बाळगू नका. विकण्याआधी नोंदणी करावी लागते आणि तिची फी विक्रीच्या पैशांतला बहुतेक हिस्सा खाते.

आधी कळस, मग पाया

आउटपोस्ट, म्हणजे ग्रहांवरचे तळ, बांधण्यात रमणाऱ्यांची ही शोकांतिका. ग्रह शोधून, खाणी लावून, मालवाहतुकीच्या साखळ्या जोडून साम्राज्य उभं राहतं. मग मुख्य कथा संपवून ते युनिटी नावाच्या दारातून नव्या विश्वात पाऊल टाकतात आणि आउटपोस्ट, जहाजं, क्रेडिट, बंदुका सगळं मागे राहतं. लेव्हल, स्किल आणि कथेत मिळालेल्या अद्भुत शक्ती तेवढ्या सोबत येतात. बांधकाम मनापासून आवडत असेल तर ते कोणत्या विश्वात करायचं ते आधी ठरवा, आणि युनिटीत शिरण्यापूर्वी वेगळा सेव्ह ठेवा.

मुख्य कथा फार लांबवणंही बरं नाही. 'इन्टू द अननोन' पूर्ण होईपर्यंत पहिली शक्ती मिळत नाही, आणि शक्तींशिवाय लढाया सपक होतात. तिथवर कथा न्या, मग हवं तितकं भटका. शक्ती देणारी मंदिरं मात्र एकाच साच्याची आहेत. हवेत तरंगत चमकत्या ठिणग्या गोळा करायच्या, हेच परत परत. सगळ्या 24 शक्ती एका दमात घेऊ नका, नाहीतर विटाल.

भटकण्यासाठी उत्तम काय, तर गटांच्या कथा. व्हॅनगार्डची टेरॉरमॉर्फ या भयंकर परग्रही प्राण्यांची कथा मुख्य कथेपेक्षा सरस आहे. मुख्य कथेतलं 'एन्टँगल्ड' हे एकच मिशन पूर्ण खेळाची किंमत वसूल करतं. 'फर्स्ट काँटॅक्ट' या जोडमोहिमेचं उलटं आहे: दोनशे वर्षं प्रवास करून आलेल्या जहाजाला ठरलेल्या ग्रहावर आलिशान रिसॉर्ट दिसतं, कल्पना अफलातून, पण तोडगे मोजकेच आणि सगळे बेचव.

मॉड टाकण्याआधी

कन्सोल कमांड (खेळात टाइप करायचे फसवे आदेश) वापरलीत तर त्या सेव्हवर अचिव्हमेंट बंद होतात. स्क्रिप्ट एक्स्टेंडर या पूरक सॉफ्टवेअरवर चालणारी मॉड नवीन पॅच आला की मोडतात. स्टीममध्ये 'खेळ सुरू करतानाच अपडेट कर' असा पर्याय निवडा आणि मॉड अपडेट होईपर्यंत थांबा. क्वेस्ट अडकला तर आधी दुसऱ्या तारामंडळात जाऊन परत या, पलंगावर 24 तास घालवा, तरी नाही सुटला तर मागचा सेव्ह. म्हणून हाताने केलेले दोन-चार सेव्ह कायम ठेवा, ऑटोसेव्हवर विसंबू नका.

शॅटर्ड स्पेस आत्ताच घेऊ नका

30 सप्टेंबर 2024 ला आलेल्या या विस्ताराला स्टीमवर सुरुवातीला 'बहुतांशी नकारात्मक' शेरा मिळाला. एकच ग्रह, तोही हाताने घडवलेला. म्हणजे आधी जे हवं म्हणून लोक ओरडत होते नेमकं तेच, पण पुरेसं नाही अशी भावना. वारून घराण्याच्या भीतिकथेचं वातावरण मला आवडलं, पण मूळ खेळात ज्याचा जीव रमला नाही त्याला इथेही रमणार नाही. विकत घेतलेला असेल तर सुरुवातीलाच एक भरकटलेलं स्थानक समोर उभं राहतं आणि नवे खेळाडू उत्साहात आत शिरतात. स्टुडिओचीच शिफारस लेव्हल 35ची आहे. तो क्वेस्ट यादीत पडून राहू द्या. तो कुठे जात नाही.