इटलीत रेल्वेचे तिकीट काढताना आणि पाट्या वाचताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक तिकीट काढल्यानंतर होते. 'रेजोनाले' म्हणजे प्रादेशिक गाडीचे छापील तिकीट हातात असले तरी, गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या लहान यंत्रात त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवला नाही, तर तपासणीत दंड होऊ शकतो. 'कोन्वालिदारे' हे क्रियापद याच कृतीसाठी आहे. यंत्रावर 'ग्वास्तो' किंवा 'फुओरी सेर्वीत्सिओ' लिहिले असेल, तर ते बंद आहे. अशा वेळी गाडीत चढताच 'कापोत्रेनो'ला, म्हणजे गाडीच्या गार्डला, स्वतःहून सांगावे. ठराविक गाडीचे आरक्षित आसन असलेल्या जलदगाड्यांच्या तिकिटाला हा शिक्का लागत नाही.

फलक वाचताना गोंधळ होतो तो वेगळ्या कारणाने. 'पार्तेंत्से' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या आणि 'आर्रीवी' म्हणजे येणाऱ्या, एवढे ठाऊक असूनही रोमहून फ्लॉरेन्सला निघालेला प्रवासी त्या शहराचे नाव शोधत उभा राहतो, कारण फलकावर ठळकपणे अंतिम स्थानक लिहिलेले असते, उदाहरणार्थ 'मिलानो चेंत्राले', आणि मधल्या थांब्यांतही फ्लॉरेन्सचे नाव 'फिरेंत्से' असते. म्हणून तिकिटावरील गाडीचा क्रमांक जुळवावा आणि मग 'बिनारिओ', म्हणजे फलाट, पाहावा. 'रितार्दो'पुढील आकडा उशिराची मिनिटे सांगतो. व्हेनिसला जाणाऱ्यांनी 'मेस्त्रे' येथे उतरू नये, कारण ते मुख्य भूमीवर आहे. कालव्यांच्या शहरातले स्थानक 'सांता लुचिया' होय.

तिकीट मागताना 'आन्दाता' म्हणजे फक्त जाण्याचे, तर 'आन्दाता ए रितोर्नो' म्हणजे जाण्या-येण्याचे. शहरातील बसचे तिकीट मोठा 'टी' लावलेल्या 'ताबाक्की', म्हणजे तंबाखूच्या, दुकानातही मिळते.

वेळापत्रकातील 'फेरिआले' या शब्दाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. तो सुट्टीसारखा भासतो, प्रत्यक्षात सोमवार ते शनिवार हे कामाचे दिवस दाखवतो. रविवार आणि सणांसाठी 'फेस्तिवो' आहे. 'शोपेरो' म्हणजे संप जाहीर झाला, तर हाच फरक उपयोगी पडतो, कारण प्रादेशिक गाड्यांसाठी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या संपातही गाड्या चालण्याच्या हमीच्या वेळा 'फेरिआले' दिवसांनाच लागू असतात.