गव्हर्नन्स सल्लागार व्हायचंय? सोलापूर सोडण्याआधीची तयारी

आंतरराष्ट्रीय विकास क्षेत्रात गव्हर्नन्सचं, म्हणजे वेगवेगळ्या देशांचा सरकारी कारभार सुधारायला सल्ला देण्याचं काम करायचंय, असं म्हणणारी मुलंमुली आता सोलापुरातही भेटतात. बहुतेकांनी एमपीएससीत काही वर्षं घातलेली असतात, त्यामुळे राज्यघटना पाठ असते. त्यांना माझं एकच सांगणं: आयईएलटीएसचा क्लास नंतर लावा, आधी महापालिकेचं बजेट मिळवा. संकेतस्थळावर सापडलं नाही तर दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

बजेट हातात आलं की पैसा कुठून येतो, तो खर्च करायचा अधिकार कोणाला आणि काम झालं नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे शोधून वहीत उतरवा. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि गेला, २०१७ पासून राज्याकडून जीएसटीची भरपाई येते. मग शहराच्या स्वतःच्या हातात मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि आणखी काय उरतं? ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात १८ विषय दिले, हे तुम्हाला तोंडपाठ आहेच. त्यातले सोलापुरात प्रत्यक्षात महापालिकेकडे किती आणि दुसऱ्या कुठल्या यंत्रणेकडे किती, याचा तक्ता करा. स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर होतं, पण कामं झाली ती वेगळ्या कंपनीमार्फत. तिच्यात राज्य सरकार आणि महापालिका निम्मे-निम्मे भागीदार. २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकच कारभार बघत होते. अशा वेळी नागरिकाने दार कोणाचं ठोठवायचं? नेपाळने २०१५च्या राज्यघटनेनंतर ७५३ स्थानिक सरकारं उभी केली, केनियाने २०१०च्या राज्यघटनेने ४७ काउंट्या, म्हणजे जिल्ह्यांसारखी स्थानिक सरकारं. तिथे सल्लागार म्हणून गेलात तरी हेच प्रश्न विचारायचे आहेत.

मग पाणी घ्या. उजनी भरल्याच्या बातम्या येतात आणि नळाला मात्र काही दिवसांआड पाणी. नुसतं चिडून भागणार नाही. धरणातल्या पाण्याचं वाटप कोण ठरवतं, जलवाहिनीचा पैसा कोणाचा, पंपांचं वीजबिल कोण भरतं, शहरातल्या जुन्या लाइनी बदलायचं काम कुठे अडलंय, हे एका कागदावर मांडा. प्रत्येक नावापुढे लिहा: हा निर्णय घेऊ शकतो का, घेतलेला अडवू शकतो का, आणि आहे तसंच चाललं तर याचं बरं चालतं का. तिसरा रकाना लोक हटकून रिकामा सोडतात. खरा अभ्यास तिथेच आहे. या क्षेत्रात याला पोलिटिकल इकॉनॉमी अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि मुलाखतीत यावर हमखास प्रश्न येतो. नवा कायदा करा, प्रशिक्षण द्या, असं उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. कायदा असूनही गाडं का हलत नाही, हे सांगणारा मुलाखत घेणाऱ्यांना हवा असतो.

मोहोळ किंवा बार्शी तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेला जाऊन मागे बसा. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानेच घ्याव्या लागतात, तेव्हा संधी मिळेल. कोण बोलतं, बायका कुठे बसतात, कोरम कसा भरतो, ते बघा आणि घरी येऊन इंग्रजीत दोन पानांचं टिपण लिहा. वरिष्ठ पहिला परिच्छेदच वाचणार असं धरून चला. नोकरीत पुढे निम्मा वेळ टिपणं लिहिण्यातच जातो.

बीकॉम, सीए वाल्यांनी स्वतःला कमी लेखू नये. माझ्या मते या बाजारात त्यांचं पारडं जड आहे. परदेशांना मदत देणारं ब्रिटनचं खातं डीएफआयडी २०२० मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन झालं, तसंच काम करणारं अमेरिकेचं यूएसएड २०२५ मध्ये बंद पडलं, आणि ब्रिटनने २०२७ पर्यंत परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यावर आणायचं ठरवलंय. जागा आटताहेत, त्यामुळे 'सुशासन' या मोघम शब्दावर कोणी घेणार नाही. सार्वजनिक वित्त, कर, लेखापरीक्षण, खरेदी-निविदा, यातलं एक पक्कं धरा. देशाच्या आर्थिक कारभाराची तपासणी करणारी पेफा ही पद्धत समजून घ्या.

शिक्षणासाठी टाटा इन्स्टिट्यूटचं तुळजापूर केंद्र तासाभरावर आहे. थेट ब्रिटनमधलं ससेक्स किंवा बर्मिंगहॅम विद्यापीठच गाठायला हवं असं नाही. ब्रिटनमध्ये शिकण्यासाठी तिथलं सरकार देतं त्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी मात्र दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. जागतिक बँकेच्या यंग प्रोफेशनल्स कार्यक्रमाला वयाची अट आहे, ती जाहिरात नीट वाचून तपासा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू कानावर पडत वाढलेल्या सोलापूरकराला आणखी एक भाषा जड जाऊ नये. फ्रेंच घ्या, पश्चिम आफ्रिकेत तिच्यावाचून अडतं.

कागदपत्रांचं काय, ती होतात. फक्त ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज विद्यापीठात लवकर टाका, आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी तर पासपोर्टवर शेवटी, असला घोळ असेल तर तो आत्ताच निस्तरून घ्या.