चिपाडावर एन्झाइम बसवताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास कोल्हापूर भागातली गुऱ्हाळं पेटतात आणि चिपाडाचे ढीग लागतात. ते वाळून चुलवाणात जातं. पण कोरड्या चिपाडात साधारण ४० ते ५० टक्के सेल्युलोज असतं, आणि त्या धाग्यावर एन्झाइम पक्कं बसलं तर ते गाळून, धुऊन पुन्हा वापरता येतं. नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ मध्येच इन्व्हर्टेज (साखर फोडणारं एन्झाइम) कोळशावर चिकटवलं होतं, आणि ते तिथे बसूनही साखर फोडत राहिलं. आपल्याकडे याचा उपयोग लगेच सुचतो. काकवीत खडे धरू नयेत म्हणून सायट्रिक आम्ल घालतात. त्यानं साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. इन्व्हर्टेज नेमकं हेच करतं. (गुळाच्या कढईपासून मात्र ते लांब ठेवा, साखर फुटली की गूळ नीट बसत नाही.)

एम.एस्सी.च्या मुलांचे प्रयोग फसतात ते बहुतेक वेळा पहिल्याच पायरीला: चिपाड नीट धुतलेलं नसतं. घाण्यातून निघालं तरी त्यात रस उरतोच. पुढे सेल्युलोजवर अल्डिहाइड गट (ज्यांना धरून एन्झाइम बसतं ते) आणायला सोडियम परआयोडेट वापरतात, आणि साखरेचा एकेक रेणू परआयोडेटचे तीन रेणू खातो. म्हणजे महागडं रसायन उरलेल्या रसावरच संपतं, धागा तसाच राहतो. गरम पाण्यानं चार-पाच वेळा धुवा. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात ठेवून लिग्निन (धाग्यांना जखडून ठेवणारा कडक पदार्थ) कमी करा आणि धुतलेलं पाणी उदासीन होईपर्यंत धुवत राहा.

परआयोडेटची क्रिया अंधारात करा, बाटलीला फॉइल गुंडाळा. जास्त वेळ ठेवलं तर जास्त एन्झाइम बसेल, हा समज चुकीचा आहे. परआयोडेट ग्लुकोजच्या कड्यातला दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमधला बंध तोडतं; अति झालं की धागा ठिसूळ होतो, काही भाग पाण्यात विरघळूनही जातो. उरलेलं परआयोडेट इथिलीन ग्लायकॉलनं संपवून धुवा. यीस्टच्या इन्व्हर्टेजवर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांवरही परआयोडेट हल्ला करतं.

एन्झाइम बसवताना ट्रिस बफर (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) नको! त्यात अमाइन गट असतो आणि तोच अल्डिहाइडवर जाऊन बसतो. एन्झाइमला जागा उरत नाही. एन्झाइम अमोनियम सल्फेटमध्ये आलं असेल तर त्यातला अमोनियाही हेच करतो, म्हणून आधी डायलिसिस करा (पातळ पडद्यातून क्षार काढून टाका). फॉस्फेट बफर, पीएच ७ ते ८, ठीक.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. पीएच ८ ला झालेला शिफ बंध (अल्डिहाइड आणि एन्झाइमचा अमाइन गट यांच्यातला बंध) आम्लात सुटतो, आणि इन्व्हर्टेजची चाचणी आपण पीएच ४.५ च्या आसपास घेतो. पहिल्या फेरीत झकास आकडा येतो, तिसऱ्या फेरीत काहीच नाही. मुलं म्हणतात, ‘एन्झाइम मेलं.’ बहुतेक वेळा ते मेलेलं नसतं, सुटून आधीच्या पाण्यात गेलेलं असतं. म्हणून शेवटी थंडीत थोडं सोडियम बोरोहायड्राइड देऊन बंध पक्का करावा लागतो. बेतानंच द्या, त्यानं प्रथिनालाही इजा होऊ शकते. आणि खात्री करण्याची रीत सोपी आहे: चाचणी अर्ध्यावर आली की धागे काढून घ्या. उरलेल्या द्रावात ग्लुकोज वाढतच राहिलं, तर तुमचं एन्झाइम धाग्यावर नाही, पाण्यात आहे.

डीएनएस चाचणीच्या (फुटलेली साखर मोजण्याच्या) रंगावर आंधळा विश्वास ठेवू नका. धाग्यावरचे अल्डिहाइड आणि राहिलेला रस दोन्ही तोच रंग देतात. तुलनेला साधं पाणी घेऊन भागत नाही. सगळ्या पायऱ्यांतून गेलेला, पण उकळून निकामी केलेलं एन्झाइम लावलेला धागा घ्या.

तयार धागे ओव्हनमध्ये वाळवू नका. सेल्युलोजची छिद्रं मिटतात, पाणी घातलं तरी पूर्ण उघडत नाहीत, आणि एन्झाइमही बिघडतं. ओलेच, बफरमध्ये, ४ अंशांवर ठेवा.