इंग्रजीतला ‘गेट’ वापरताना या चुका टाळा

दाराचं गेट नाही, गेट-गॉट मधलं गेट. शाळेत या शब्दाचा अर्थ एकच शिकवतात, ‘मिळणे’, आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण मिळणे हा त्याचा फक्त एक अर्थ झाला. होणे, पोचणे, आणून देणे, कळणे, करून घेणे, सवय लागणे, करायला मिळणे, एवढी सगळी कामं इंग्रज माणूस दिवसभर या एका शब्दावर भागवतो. माझ्याकडे स्पोकन इंग्लिश शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते की ‘गेट’चा अर्थ पाठ करू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा. पुढे वस्तू आली तर मिळणे किंवा आणणे, विशेषण आलं तर होणे, ठिकाण आलं तर पोचणे. निम्मं काम एवढ्यावर होतं, उरलेल्या निम्म्यात लोक अडकतात आणि तेच आपल्याला बघायचंय.

‘आय कट माय हेअर’

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक. मराठीत आपण ‘काल केस कापले’ असं बिनधास्त म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की सलूनमध्ये जाऊन कापून घेतले. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली. तसंच ‘आय रिपेअर्ड माय बाइक’ म्हटलं की तुम्ही स्वतः पाना घेऊन बसलात, ‘वी पेंटेड द हाउस’ म्हटलं की घरातल्या सगळ्यांनी ब्रश हातात घेतले. आपल्याकडे यासाठी ‘करून घेणे’ आहे, कापून घेतले, दुरुस्त करून घेतली, रंगवून घेतलं, आणि ‘गेट’ नेमकं हेच काम करतो: ‘आय गॉट माय हेअर कट’, ‘आय गॉट माय बाइक रिपेअर्ड’, ‘वी गॉट द हाउस पेंटेड’.

क्रम मात्र सांभाळायचा. आधी गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट रिपेअर्ड माय बाइक’ असं खूप जण म्हणतात, ते चालत नाही, वस्तू मधेच यायला पाहिजे. आणि काम कोणाकडून करून घेतलं ते सांगताना आपला ‘कडून’ आडवा येतो, प्लंबरकडून नळ दुरुस्त करून घेतला म्हणून ‘फ्रॉम द प्लंबर’ लावलं जातं. तिथे ‘बाय द प्लंबर’ पाहिजे. त्याहून सहज म्हणजे ‘आय गॉट द प्लंबर टू फिक्स द टॅप’, यात माणूस आधी आला, म्हणून मागे ‘टू’ आणि साधं क्रियापद. ‘गेट’च्या जागी ‘हॅव’ घेतलं तर हा ‘टू’ गळतो, ‘आय हॅड द प्लंबर फिक्स द टॅप’. एवढा एक बारीक फरक सोडला तर दोन्ही जवळपास सारखेच.

चोरीची तक्रार सांगताना तर जास्तच जपा. ‘माय फोन गॉट स्टोलन’ बरोबर आहे. घाईघाईत ‘आय गॉट स्टोलन’ म्हणालात तर अर्थ होतो मलाच कोणीतरी चोरून नेलं.

होणे म्हणजे दर वेळी ‘गेट’ नाही

पुढे विशेषण आलं की ‘गेट’ अगदी फिट बसतो. दमलो, भिजलो, चिडला, रस्ता चुकलो, उशीर होतोय, अंधार पडतोय, सगळीकडे गेट. उलट इथे ‘बिकम’ घातलं की वाक्य जड होतं, ‘इट इज बिकमिंग लेट’ कोणी बोलत नाही, ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणतात. पण पुढे नाम आलं की ‘गेट’ परत मिळणे या अर्थावर जातो. त्यामुळे मुलगा डॉक्टर झाला हे सांगायला ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हटलं तर त्याला एक डॉक्टर मिळाला असं होतं. तिथे ‘बिकेम’च.

लग्नाचंही असंच. ‘माझं लग्न झालं’ याचं सरळ सरळ ‘माय मॅरेज हॅपन्ड’ करतात, पाहिजे ‘आय गॉट मॅरिड’. आणि आपण अमुकशी लग्न करतो म्हणून ‘मॅरिड विथ’ येतं, इंग्रजीत ‘मॅरिड टू’. पुढच्या महिन्यात लग्न आहे हे सांगायला ‘आय ॲम गेटिंग मॅरिड नेक्स्ट मंथ’ पुरतं, नाहीतर ‘माय वेडिंग इज नेक्स्ट मंथ’. मॅरेज म्हणजे नातं, वेडिंग म्हणजे तो समारंभ, आमंत्रण देताना हा फरक लक्षात ठेवा.

फ्रेश होऊन येतो

पाहुणे घरात आले की आपण म्हणतो ‘आधी फ्रेश व्हा, मग चहा घेऊ’. हे मराठीत आता इतकं मुरलंय की कोणाला खटकत नाही आणि खटकायची गरजही नाही. पण परदेशातल्या सहकाऱ्याला ‘आय विल गेट फ्रेश अँड कम’ म्हणू नका, कारण ‘गेट फ्रेश विथ समबडी’ म्हणजे एखाद्याशी आगाऊपणा करणं, लगट करणं. माणूस समजून घेईल बहुतेक, पण एक क्षण चपापेल. ‘आय विल फ्रेशन अप’ म्हणा, विषय संपला.

‘गेट डाऊन’चं जरा वेगळं आहे. ‘आय विल गेट डाऊन ॲट दादर’ हे आपलं भारतीय इंग्रजी आहे, मुंबईत, बंगळुरूत, चेन्नईत कुठेही चालतं आणि त्याला चूक म्हणायला मी तयार नाही. फक्त लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या बसमध्ये ‘गेट ऑफ’ म्हणा, कारण तिकडे ‘गेट डाऊन’ म्हणजे खाली वाका, जमिनीवर पडा, पोलीस ओरडतात तसं. गाडीच्या बाबतीत एक सोपी खूण आहे, जिच्यात उभं राहून चालता येतं ती बस, ट्रेन, विमान, जहाज, तिथे ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’, जिच्यात वाकून शिरून बसावं लागतं ती कार, टॅक्सी, तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’.

पोचण्याच्या बाबतीत एवढंच की स्टेशनला ‘गेट टू द स्टेशन’, पण घरी पोचलो तर नुसतं ‘गॉट होम’, होम, हिअर, देअर यांच्या आधी ‘टू’ नको.

आता सवयीचं, कारण इथे शिकलेसवरलेले पण फसतात. ‘आय यूज्ड टू वेक अप ॲट फाइव्ह’ म्हणजे मी पूर्वी पाचला उठायचो, आता नाही. ‘आय गॉट यूज्ड टू वेकिंग अप ॲट फाइव्ह’ म्हणजे मला पाचला उठायची सवय झाली. ‘गेट यूज्ड टू’ आला की त्याच्या पुढच्या क्रियापदाला ‘इंग’ लागतंच. इंटरव्ह्यूमध्ये नाइट शिफ्ट जमेल का विचारलं आणि तुम्ही ‘आय यूज्ड टू वर्क नाइट्स’ म्हणालात तर पूर्वी करायचो एवढंच पोचतं, सवय आहे हे पोचतच नाही.

‘गॉट टू’ पण दोन तोंडांचा आहे. ‘वी गॉट टू सी द सी’ म्हणजे आम्हाला समुद्र बघायला मिळाला, आणि ‘आय गॉट टू गो’ म्हणजे मला निघायलाच पाहिजे, ज्याचं बोलताना ‘गॉटा’ होतं. एकात संधी, एकात सक्ती, आणि शब्द तेच, संदर्भावरून ओळखायचं. लिहिताना सक्तीसाठी ‘हॅव टू’ वापरलं की प्रश्नच मिटतो.

अमेरिकेत वाढलेली भाची ‘आय हॅव गॉटन’ म्हणाली की इकडचे काका लगेच चूक काढतात, तसं करू नका. ‘गॉटन’ हे जुनंच रूप आहे, ब्रिटनमध्ये मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं, ‘फर्गॉटन’ मध्ये तर दोन्हीकडे आहेच. मूळ ‘गेट’ हा शब्द व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला, जसे ‘टेक’ (घेणे) आणि ‘दे’ (ते लोक) आले. उलट अमेरिकन लोक यात एक छान फरक करतात, ‘आय हॅव गॉट अ तिकीट’ म्हणजे माझ्याकडे तिकीट आहे, ‘आय हॅव गॉटन अ तिकीट’ म्हणजे मला तिकीट मिळालंय. आपल्या ‘आहे’ आणि ‘मिळालंय’ सारखंच.

समानार्थी शब्दांची अदलाबदल

आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्यांना कोणीतरी सांगतं की निबंधात ‘गेट’ वापरू नका, मार्क जातात. मग मुलं यादी काढतात आणि 250 शब्दांच्या निबंधात दिसेल तिथे ‘ऑब्टेन’ टाकतात. सल्ला अर्धा बरोबर आहे, औपचारिक लेखनात ‘गेट’ कमी असावा, पण त्याचे समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘रिसीव्ह’ म्हणजे समोरून आलं, पत्र, पगार, बक्षीस. ‘ऑब्टेन’ म्हणजे खटपट करून मिळवलं, परवानगी, व्हिसा, दाखला. ‘ॲक्वायर’ मध्ये वेळ लागतो, कौशल्य अंगी येतं ते, किंवा एखाद्या कंपनीने दुसरी कंपनी घेतली तर. ‘फेच’ म्हणजे जाऊन घेऊन येणं, आणि हा शब्द माणसाला सांगताना जपून, अमेरिकेत तो जास्त करून चेंडू आणणाऱ्या कुत्र्याला सांगतात. आणि आजारपणाला यातला एकही चालत नाही, ताप ‘ऑब्टेन’ होत नाही, सर्दी ‘कॅच’ होते, ताप ‘डेव्हलप’ होतो किंवा सरळ ‘गेट’ होतो. याच परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग या प्रकारात मित्राला पत्र लिहायला आलं तर मात्र ‘गेट’ मोकळेपणाने वापरा, तिथे ‘आय रिसीव्ह्ड मॅरिड स्टेटस’ टाइप भाषा वाचवत नाही.

कॉलवर काही कळलं नाही तर

आवाज तुटला, समोरचा काय म्हणाला ते समजलं नाही, की आपल्या तोंडून निघतं ‘आय डिडन्ट गेट यू’. भारतात चालून जातं. पण परक्या क्लायंटसमोर ‘आय डिडन्ट गेट दॅट’ किंवा ‘आय डिडन्ट कॅच दॅट’ म्हणा, म्हणजे वाक्य कळलं नाही एवढाच अर्थ राहतो, ‘यू’ आला की तो त्या माणसावर जातो. आणि ‘नंतर कळवतो’ म्हणायचं असेल तेव्हा ‘आय विल गेट बॅक टू यू’ हे अख्खं म्हणा. त्यातले ‘बॅक टू’ गाळून नुसतं ‘आय विल गेट यू’ राहिलं तर ती धमकी होते, बघून घेईन तुला.